परत द्यायची फळी

ताई, अकराही भांडी पोचली. शेवटचं काल पोचलं, रोहिणखेडला, आणि तिथे मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय आज मला चहासुद्धा गोड लागेना. सकाळी उठले, तशीच मागच्या अंगणात गेले आणि आपल्या दोन घरांमधल्या भिंतीवर सवयीने दोनदा थाप मारली. मग आठवलं. पलीकडून बिचाऱ्या भाऊजींनी खोकून ओ दिली. आता भिंतीऐवजी कागदाशी बोलते. तुम्ही नेहमी म्हणायच्या, "वंदे, तुह्या तोंडात तीळ भिजत नाही." ते खरंच आहे, पण एक गोष्ट मी पंधरा वर्षं तोंडात धरून ठेवली होती आणि आजचं माझं सगळं बोलणं तिच्यासाठीच आहे.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी खोलीत आपण दोघी जावाच होतो. भाऊजी खाली औषधं आणायला गेले होते. तुम्ही डोळे उघडलेत तेव्हा मला वाटलं, आता लेकाचं, नितीनचं नाव घ्याल, नाहीतर देवाचं. तुम्ही म्हणालात, "वंदे, फळीवरचं राह्यलं व."

"मी देते सगळं नेऊन. तुम्ही पडून राहा."

"रिकामं नको देऊ," तुम्ही म्हणालात आणि माझा हात धरून ठेवलात.

मला कळत होतं की सांगायची वेळ हीच आहे. मी तोंड उघडलं आणि सिस्टर सलाईन बदलायला आत आली. ती जाईपर्यंत तुमचा डोळा लागला, आणि पुन्हा काही तुम्ही बोलला नाहीत. त्या सिस्टरवर मी मनातल्या मनात दहा दिवस चिडले होते. पण आधीच्या पंधरा वर्षांत कोणती सिस्टर आडवी आली होती?

नितीनच्या बायकोला ती फळी कशाची ते माहीतच नव्हतं. तेरवीच्या आदल्या दिवशी पुण्याची ती पोर तुमच्या ओट्यावरची फळी पुसत होती. मला म्हणाली, "काकू, ही भांडी एकमेकांत बसतच नाहीत. कुणाची आहेत?" मी म्हटलं, अगं, ही परत द्यायची फळी. कुणी वाटीतून काही पाठवलं तर वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे तर तुझ्याकडेही असेल. सगळे चिमूटभर साखर घालतात आणि मोकळे होतात. तुझ्या सासूचं साखरेवर भागत नव्हतं. लीलाकाकूंनी बाळंतपणात डबा पुरवला, तर त्या डब्यात साखर घालून कशी द्यायची, म्हणून तो थांबला. थांबता थांबता लीलाकाकूंची मेहकरला बदली झाली. असं करत करत अकरा भांडी थांबली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आता कुणाला आठवत असेल?" तिचंही चूक नाही. मीसुद्धा हेच म्हणायचे.

मी म्हणजे काय, तुम्हाला वेगळं सांगायला नको. चिखलीत पार्सलवाल्याला ज्या थोड्या घरांचा पत्ता झोपेत विचारला तरी सांगता येईल, त्यांत माझं घर पहिलं असेल. मी शाळेत, त्यामुळे पार्सल घेणार तुम्ही. तिसरीच्या वर्गात मी पाढे घेत असायची आणि फोन वाजायचा. "ओटीपी सांग व, हा पोट्टा उन्हात उभा हाय." मुलं तेवढ्यात गप्प बसायची, कारण त्यांनाही ओटीपी ऐकायचा असायचा. संध्याकाळी मी घरी आले की तुम्ही कात्री घेऊन हजर. मी कधीच एकटीने पार्सल उघडलं नाही. आणि लोकांना तुम्ही फार विरक्त वगैरे वाटायच्या, पण ते फुग्याफुग्यांचं प्लास्टिक हातात आलं की तुम्ही सगळे फुगे फोडून संपवल्याशिवाय उठत नव्हत्या. खोकी तर एक फेकू दिलं नाहीत. तुमच्या पलंगाखाली माझ्या सगळ्या खरेदीची खोकी आहेत ताई, मी परवा मोजायला गेले आणि अर्ध्यात सोडून दिलं.

पार्सल उघडून झालं, वस्तू हाताळून झाली की तुमचा एकच प्रश्न. "हे आलं. आता जाईन काय?"

म्हणजे बाहेर काय जाईल? घरात एक वस्तू आली तर एक बाहेर गेली पाहिजे, आणि तीही कचऱ्यात नाही, कुणाच्या तरी हातात. हा तुमचा कायदा. मी चिडायची. मला वस्तू आवडतात, त्यात लपवायचं काय आहे? मेहकरला माझ्या माहेरी सहा माणसांत चार ताटं होती. दोघांचं जेवण झालं की ती ताटं घासून पुढच्या दोघांना. पहिला पगार झाला तेव्हा मी सहा ताटं घेतली होती आणि बसमध्ये सगळ्या वाटेने मांडीवर धरली होती. ते सुख अजून गेलं नाही. दर वेळी खोकं उघडताना मी ती सहा ताटंच घेत असते बहुतेक. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही प्रश्न विचारायचं सोडलं असतं, आणि तेही मला नको होतं.

मार्चमध्ये माझं ते तेलाशिवाय तळायचं मशीन आलं तेव्हा आपलं शेवटचं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, ओट्यावर हात ठेवायला जागा नाही राह्यली तुह्या. मी म्हटलं, "तुमच्या फळीवर अकरा परकी भांडी बसली आहेत वर्षानुवर्षं, त्यांना जागा आहे. माझ्या एका मशीनला नाही?"

"ते बसले नाहीत," तुम्ही म्हणालात. "ते रस्त्यात हायत."

"कसले रस्त्यात? दहा-दहा वर्षं? तुम्ही धरून ठेवता आणि मी बदलत राहते, पण घर तर दोघींचंही भरलेलंच आहे ना?"

तुम्ही हसलात आणि म्हणालात, "पाह्यतो मंग, आधी कोनाचं रिकामं होते ते." मी जिंकले असं मला वाटलं होतं. ते भांडण तसंच राहिलं, कारण पुढच्याच आठवड्यात आपण कुरडया घालायला बसलो आणि त्यानंतर तुम्हाला ताप यायला लागला.

आता तेरवीचं ऐका. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाची भांडी वाटतात. तुमच्या घरात बेसन कुणाच्या तरी स्मरणार्थ आहे, साखर कुणाच्या तरी स्मरणार्थ आहे. तुम्ही सांगून ठेवलं होतं, "माह्या नावाचा डबा कोनाच्या घरी नको. झाकन हरवलं का शिव्या मी खाईन." नितीनला हे पटेना. आईच्या नावाने काहीतरी दिलंच पाहिजे म्हणाला, आणि फोनवर पाण्याच्या बाटल्या दाखवायला लागला, झाकणाला कडी असलेल्या, तुमचं नाव कोरून मिळणाऱ्या. बाटल्या सुंदर होत्या ताई. निळा रंग तर असा होता की माझा हात शिवशिवला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण या घरात खरेदीला नाही म्हणायचा माझा लौकिक नाही. आणि मी नाही म्हटलं. ठाम. "ताईंच्या फळीवरची भांडी परत गेली की झालं. तेच त्यांचं वाटप." माझे हे तर माझ्याकडे बघतच राहिले. तेरवीला लोक जेवून हात हलवत गेले, दोनचार जण कुजबुजलेही. मला काहीच वाटलं नाही.

पण मी एवढी ठाम का झाले, ते मलाच माहीत होतं.

तुमचा पितळी गंज. पातेल्याला आपण गंज म्हणतो याचं नितीनच्या बायकोला अजून हसू येतं. तो तुमच्या आईने दिलेला, महालक्ष्म्यांची आंबील ज्यात व्हायची तो. घरं वेगळी झाली तेव्हा तो सामाईक माळ्यावर होता, बुडाला काळा, कडेला पोचा आलेला. उन्हाळ्याच्या सुटीत मी माळा साफ करायला काढला आणि भांड्यांच्या दुकानात काचेच्या झाकणांचा पाच नगांचा नॉनस्टिक सेट बघून आले होते. जुनं भांडं मोडीत द्या, नवा सेट न्या. सणाला घासून चकचकीत दिसायचा तो हाच, हे मला त्या काजळीत ओळखूच आलं नाही; खरंच वाटलं की सासूबाईंचं एखादं जुनं भांडं असेल, कुणाला नको असेल. बुडाखाली अक्षरं आहेत हेही मी पाहिलं नाही, काजळीत दिसतच नव्हती. मी तो तराजूत ठेवला आणि सेट घेऊन नाचत घरी आले. इथपर्यंत चूक होती, ती कुणाकडूनही होते. पुढची चूक नव्हती. भाद्रपदात तुम्ही माळ्यावर चढलात, खाली उतरलात आणि मला विचारलंत, "वंदे, माहा गंज पाह्यला का?" मी त्या क्षणी हो म्हणू शकत होते. मी म्हटलं, "मागच्या महालक्ष्म्यांच्या गर्दीत कुणाच्या तरी भांड्यांत गेला असेल."

तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत. "हाव, गेला असन," म्हणालात. त्या वर्षी आंबील स्टीलच्या पातेल्यात झाली. तुमच्या मांडणीवर वरच्या कप्प्यात डावीकडे जिथे तो गंज सणापुरता उतरवून ठेवला जायचा, ती जागा तुम्ही रिकामीच ठेवलीत. मी एकदा तुम्हाला कॅसेरोल भेट दिला, मुद्दाम त्या जागेच्या मापाचा. तुम्ही तो फार आवडला म्हणालात आणि फ्रीजवर ठेवलात. मी स्वयंपाकघरात यायची तेव्हा मांडणीच्या डावीकडे बघायचीच नाही. नॉनस्टिकचा थर दोन वर्षांत सोलून निघाला. एक काचेचं झाकण तेवढं अजून माझ्या दुधावर असतं.

मग ऐका, फळी कशी हलली. सुतकात भरलेलं भांडं कुणाच्या दारी नेता येत नाही, म्हणून तेरवीनंतर निघाले. भांड्यांत घालायचं काय, हा प्रश्नच नव्हता. तुमच्या कुरडया होत्या. ताप येण्याआधी तुम्ही गच्चीवर घातलेल्या, माझं नवं यंत्र दुसऱ्याच घाण्याला अडकलं म्हणून तुमच्या जुन्या सोऱ्याने घातलेल्या. पत्र्याचा मोठा डबा भरून होत्या. चिखलीतली सहा भांडी मी दोन दिवसांत स्कूटीवर फिरून दिली. मला वाटलं होतं लोक म्हणतील, काय ही बाई. पण दार उघडायचं, मी भांडं पुढे करायची, ते आधी भांड्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मग आत ओरडायचे, "अगं, सुमनताईकडून आपली कढीची बरणी आली!" तुम्ही गेलेल्या, आणि लोक म्हणतात सुमनताईकडून आली. मला इतकं बरं वाटत होतं की तिसऱ्या घरानंतर मी पुढच्या घराची वाट बघायला लागले. खोकं उघडताना जसं होतं ना, तसंच व्हायचं.

मेहकरची तर गंमतच. अर्ध्या तिकिटात मी, आणि मांडीवर लीलाकाकूंचा तीन ताळी डबा. जुन्या मंदिराच्या गल्लीत घर शोधलं. काकू आता ऐंशीच्या पुढे, पण ताठ. डबा हातात घेऊन म्हणाल्या, "हा माहा नाही." मी म्हटलं, काकू, तुमचाच आहे, ताईंच्या बाळंतपणातला. "नाही व बाई. माह्या डब्याची कडी वाकडी होती." मी डबा फिरवून वाकडी कडी दाखवली. काकूंनी बोट फिरवून पाहिलं आणि मग जिन्याच्या पायरीवर बसूनच घेतलं. "नितीन झाला तवाचा हाय हा," म्हणाल्या. "मी समजले सुमन इसरली मले." मी त्यांना सांगितलं की तुम्ही साखर घालून द्यायला तयार नव्हत्या, म्हणून राहिला. त्या म्हणाल्या, "येडीच होती. मी काय सोन्याचे डिंकाचे लाडू दिले होते का?" आणि रडायला लागल्या, आणि मीही. मग निघताना त्यांनी काय केलं असेल? स्टीलच्या डबीत मेथीचा मसाला भरून माझ्या पिशवीत घातला. डबी त्यांची. म्हणजे ती आता परत द्यायची आली.

पुढच्या तीन घरीही, सगळीकडे हेच झालं ताई. दहा भांडी पोचवली तेव्हा फळीवर चार नवी आली होती. नितीनची बायको निघायच्या दिवशी फळीकडे बघून म्हणाली, "काकू, ही रिकामी होणारच नाही का?" मी म्हटलं, दिसत तर नाही. आपलं मार्चचं भांडण तुम्ही जिंकलात असं मी अजूनही मानत नाही, पण ती भांडी रस्त्यात आहेत म्हणजे काय, ते मला मेहकरहून येताना कळलं.

राहिली ती तुमच्या माहेरची लोखंडी कढई. बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मोताळा, तिथून जीपने रोहिणखेड. जुन्या मशिदीच्या अलीकडच्या वळणावर उतरले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. तुमच्या कमलवहिनी ओसरीत कैऱ्या पुसत बसल्या होत्या. कढई पाहिली आणि म्हणाल्या, "आन बाई, आन. सुमनबाईनं भजे तळायले नेली ती आता आली." कुरडया हुंगून पाहिल्या. आम्ही दोघी तुमच्याबद्दल बोलत बसलो. तुम्ही लहानपणी विहिरीत पोहायच्या हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ताई, तुम्ही पोहायच्या?

मी निघते म्हटलं तेव्हा वहिनी उठल्या. "रिकाम्या हातानं कशी जाशीन? थांब. कैऱ्या देते. तुमच्याच बाईच्या गंजात देते, नाहीतरी तो न्यायचाच हाय तुले." आणि आतून घेऊन आल्या.

तोच गंज. कडेला तोच पोचा, आणि चिंचेने घासून सोन्यासारखा पिवळा. पंधरा वर्षं मी तो कुठल्यातरी भट्टीत वितळलेला पाहत होते. नळाची तोटी दिसली तरी मनात यायचं, हाच असेल का. आणि तो समोर कैऱ्यांनी भरलेला. मी कैऱ्या बाजूला काढल्या आणि गंज उलटा केला. बुडाखाली ठिपक्याठिपक्यांत तुमचं माहेरचं नाव, तुमच्या वडिलांच्या नावासकट.

"हा इथं कसा?"

"अव, तो मोडीत गेला होता म्हने चुकून. वळखीच्या दुकानदारानं घासून नाव वाचलं, बाईले सांगतलं. बाईनं सोडवून आनला आन सरळ इथं आनून ठेवला. मी म्हनलं, घरी काऊन नाही नेत? तं म्हने, घरी नेला तं वंदी मान खाली घालून फिरन. वंदीच सांगन मले एक दिवस. सांगतलं का लगेच नेईन." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "मले तं काही समजलं नाही. तू काऊन मान खाली घालशीन?"

ताई, तुम्ही दरवर्षी माहेरी जायच्या. दरवर्षी हा गंज घासून, पुसून तिथेच ठेवून परत यायच्या, आणि मी भिंतीवर थाप मारून विचारायची, माहेरहून काय आणलं? तुम्ही म्हणायच्या, "काही नाही व. कैऱ्या." मी एक वाक्य बोलले असते तर त्याच आठवड्यात गंज घरी आला असता. तुम्ही पंधरा महालक्ष्म्या स्टीलच्या पातेल्यात आंबील केलीत, तुमच्या आईला ते आवडलं नसतं, आणि ते फक्त मी खाली बघू नये म्हणून. मी तुमच्या मांडणीची रिकामी जागा मला टोचायला ठेवली आहे असं समजत होते. मला लाज वाटली, फार लाज वाटली. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की तो गंज उचलून नाचावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम. माणसाला असं होतं का, माहीत नाही, मला झालं.

"मोडीत मीच दिला होता, वहिनी," मी म्हटलं. "आणि ताईंशी खोटं बोलले."

वहिनींचा हात कैरीवरच थांबला. मग त्या पदरात तोंड घालून हसायला लागल्या. "आन आमची बाई इथं वाट पाहून राह्यली होती," म्हणाल्या. "घे, भर कैऱ्या. कैरी चिरून नको ठेवू यात. कल्हई गेली हाय, आंबट कळकन."

जीपमध्ये गंज मांडीवर घेऊन बसले, पहिल्या पगाराच्या ताटांसारखाच. शेजारची बाई म्हणाली, "नवा घेतला काय व बाई? मस्त हाय." मी म्हटलं, "नाही, परत द्यायचा आहे." आणि घाट चढेपर्यंत मी तिला सगळी गोष्ट सांगितली. अनोळखी बाईला. पंधरा वर्षं बंद असलेलं तोंड दोन तासांत दोनदा उघडलं, आता ते बंद व्हायला तयार नाही. कल्हईवाला आपल्याकडे आता येत नाही, पण बुलढाण्याला एक बसतो असं तिनेच सांगितलं. महालक्ष्म्यांच्या आधी करून घेते. आंबील त्यातच होईल, तुमच्या घरी, तुमच्या ओट्यावर. माझ्या हातची तुमच्यासारखी होणार नाही, ते सोडा.

संध्याकाळी घरी पोचले तर भाऊजी दारात, हातात खोकं. तुम्ही आजारी पडायच्या आधी मी मागवलेलं काहीतरी होतं, काय ते मला आता आठवतही नव्हतं. पार्सलवाल्याने नेहमीसारखं तुमच्याकडे दिलं होतं. भाऊजी मला खोकं देत म्हणाले, "हे आलं." आणि मग जरा थांबून, तुमच्याच सुरात, "आता जाईन काय?"

तीन आठवड्यांत ते पहिल्यांदा असं काही बोलले. मी खोकं तसंच खाली ठेवलं.

"सांगते भाऊजी. आधी बसा."

ते बसले. मी सगळं सांगितलं, माळ्यापासून रोहिणखेडपर्यंत. त्यांनी शेवटी कैऱ्या बाजूला काढून, गंज उलटा करून नावावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तुह्याकडंच राहू दे आता. तिले आवडलं असतं."

"नाही भाऊजी. ज्याचं त्याला."

मग मी कैऱ्या पुन्हा गंजात भरल्या आणि तुमच्या स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला. पंधरा वर्षांनी मांडणीच्या डावीकडे नीट पाहिलं. कप्प्यावर कागद घातलेला होता, धूळ नव्हती. ती जागा तुम्ही दर सणाला पुसत होत्या.

ताई, तुमचा गंज परत आणून ठेवला आहे. रिकामा नाही आणला.